पाकिटावरचा बारकोड : क्रमांक, आकार, रंग आणि छपाई

किराणा मालाच्या पाकिटावरचा उभ्या पट्ट्यांचा बारकोड म्हणजे एका १३ अंकी क्रमांकाचे यंत्राला वाचता येणारे रूप. त्या पट्ट्यांत किंमत, वजन किंवा मालाची मुदत यांतले काहीही नसते. असतो तो केवळ क्रमांक. बिलिंग काउंटरवरचा स्कॅनर तो वाचतो आणि दुकानाच्या संगणकात त्या क्रमांकापुढे नोंदवलेले नाव, एमआरपी आणि जीएसटीचा दर बिलावर उमटतो. म्हणून बारकोडच्या कामाचे दोन वेगळे भाग पडतात : योग्य क्रमांक मिळवून तो योग्य मालाला देणे, आणि तो क्रमांक कोणत्याही स्कॅनरला पहिल्याच झटक्यात वाचता येईल असा छापणे. पहिल्या भागात चूक झाली तर माल दुसऱ्याच्या नावाने बिलात जातो, दुसऱ्या भागात चूक झाली तर तो बिलात जातच नाही.

दुकानात मालावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय या गावच्या सुपरमार्केटमध्ये. तो १२ अंकी यूपीसी होता. त्याच पद्धतीवर युरोपने १३ अंकी ईएएन उभा केला आणि पुढे तो जगभर रुळला. भारतात हे क्रमांक देणारी संस्था, आजची जीएस१ इंडिया, १९९६ मध्ये स्थापन झाली. नागपूरची संत्रा बर्फी आणि सावजी मसाला, भिवापूरच्या मिरचीचे तिखट, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद असा माल मॉलच्या फळीवर किंवा ऑनलाइन बाजारात न्यायचा, तर उत्पादक हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार असो की महालातला बचतगट, क्रमांक याच व्यवस्थेतून घ्यावा लागतो.

बारकोड कोणाला लागतो

सर्वसाधारण किराणा मालावर बारकोड छापण्याची कायद्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांतल्या मजकुराची : उत्पादकाचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाचा महिना व वर्ष, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. बारकोड छापला म्हणून यातली एकही ओळ गाळता येत नाही. खाद्यपदार्थावरचा १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक हीदेखील वेगळी गोष्ट आहे. त्याचा आणि बारकोडच्या १३ अंकांचा परस्परांशी काही संबंध नाही.

बारकोडची मागणी करते ते दुकान. मोठ्या साखळी दुकानांत बारकोडशिवाय माल घेतलाच जात नाही आणि ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवरही बहुतेक प्रकारच्या मालाची नोंद करताना हा क्रमांक विचारला जातो. याउलट, ज्याचा सगळा माल स्वतःच्या दुकानातून, प्रदर्शनातून किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकला जातो, त्याला जागतिक क्रमांक लागत नाही. दुकानातल्या हिशेबापुरता स्वतःच ठरवलेला क्रमांक चालतो. त्यासाठी २० ते २९ ने सुरू होणारे आकडे जगभर राखून ठेवलेले आहेत. वजनकाट्यातून निघणाऱ्या सुट्या मिठाईच्या किंवा भाजीच्या चिठ्ठीवर असाच क्रमांक असतो आणि त्यातच वजन किंवा रक्कमही गुंफलेली असते. ही चिठ्ठी त्या दुकानाबाहेर निरुपयोगी ठरते.

पुस्तकांचा मार्ग निराळा आहे. प्रकाशकाला आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. ९७८ ने सुरू होणारा तो १३ अंकी क्रमांकच ईएएन-१३ म्हणून छापायचा असतो.

क्रमांक कुठून घ्यावा

जीएस१ इंडियाकडे अर्ज ऑनलाइन करता येतो. शुल्क उद्योगाची उलाढाल आणि हवे असलेले क्रमांक यांवर ठरते. सुरुवातीला नोंदणीचे शुल्क आणि पुढे ठरावीक मुदतीने नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते. म्हणजेच क्रमांक कायमचा विकत मिळत नाही, तो वापरण्याचा परवाना मिळतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना या शुल्काचा काही भाग परत देण्याची तरतूद केंद्राच्या योजनांत वेळोवेळी राहिली आहे. तिच्या सध्याच्या अटी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या सीजीओ संकुलातील एमएसएमई कार्यालयात विचारता येतात. अर्जाला उद्यम नोंदणी जोडावी लागते, म्हणून ती आधी करून ठेवावी.

इंटरनेटवर काही विक्रेते एकेक सुटा क्रमांक अगदी थोड्या पैशांत विकतात. असा क्रमांक स्कॅनरवर वाचला जातो, पण जागतिक नोंदवहीत तो दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतो. मोठी दुकाने आणि ऑनलाइन बाजार क्रमांकामागची कंपनी पडताळून पाहतात. नाव जुळले नाही की मालाची नोंद नाकारली जाते, आणि तोवर हजारो पाकिटे छापून झालेली असतात. वाचलेल्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम त्या पाकिटांत अडकते.

जीएस१ इंडियाकडून मिळालेला क्रमांक ८९० ने सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास ‘८९० पाहा आणि स्वदेशी घ्या’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यात तथ्य नाही. ८९० म्हणजे क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढेच. बाहेरून आणलेला माल भारतीय कंपनीने आपल्या नावाने विकला तर त्यावरही ८९० येतो, आणि नागपुरात तयार झालेला माल परदेशी कंपनीच्या नावाने गेला तर त्यावर त्या कंपनीचा क्रमांक येतो. निर्यातीसाठी मात्र ८९० चा क्रमांक सगळीकडे चालतो. त्यासाठी वेगळा अमेरिकी क्रमांक घेण्याची गरज २००५ पासून उरलेली नाही.

तेरा अंकांची रचना

पहिला भाग कंपनीचा. त्यात ८९० धरून साधारण ८ ते १० अंक असतात. त्यानंतरचा भाग मालाचा आणि शेवटचा एक अंक तपासाचा. कंपनीचा भाग १० अंकी असेल तर मालासाठी दोन अंक उरतात, म्हणजे १०० क्रमांक. ९ अंकी असेल तर १,००० आणि ८ अंकी असेल तर १०,०००.

तपासाचा अंक मनाने घालायचा नसतो, तो आधीच्या १२ अंकांवरून निघतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेतले, तर विषम स्थानांच्या अंकांची बेरीज ८ + ० + २ + ४ + ६ + ८ = २८ होते. सम स्थानांची बेरीज ९ + १ + ३ + ५ + ७ + ९ = ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. ही बेरीज पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जो अंक लागेल तो तपासाचा अंक. १३० मुळातच दहाच्या पटीत आहे, म्हणून इथे तो ०. क्रमांक लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा स्कॅनरने चुकीचा वाचला, की हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर तो क्रमांक स्वीकारत नाही.

कोणत्या मालाला कोणता क्रमांक

नियम सोपा आहे : गिऱ्हाइकाला किंवा दुकानदाराला वेगळा वाटणारा प्रत्येक माल वेगळ्या क्रमांकाचा. संत्रा बर्फीचे २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि १ किलोचे डबे म्हणजे तीन क्रमांक. तीच बर्फी साखरेशिवाय केली तर तिला आणखी वेगळे क्रमांक. चार प्रकारचे मसाले प्रत्येकी तीन वजनांत विकायचे तर बारा. त्यामुळे लहान उद्योगाला १०० क्रमांक पुष्कळ वर्षे पुरतात.

क्रमांकांत अर्थ भरू नये. पहिला अंक मसाल्याचा, दुसरा वजनाचा अशी वाटणी सुरुवातीला सोयीची वाटते, पण एखाद्या प्रकारात दहापेक्षा जास्त वजने किंवा चवी आल्या की ती मोडते आणि मधले क्रमांक वाया जातात. ००, ०१, ०२ असे ओळीने द्यावेत आणि एका वहीत किंवा संगणकातल्या तक्त्यात क्रमांक, मालाचे पूर्ण नाव, वजन आणि सुरुवातीची तारीख लिहून ठेवावी.

निव्वळ वजन, ब्रँडचे नाव, जाहीर केलेले घटक किंवा पाकिटातली नगसंख्या बदलली तर नवा क्रमांक लागतो. पाकिटाचे माप किंवा एकूण वजन २० टक्क्यांहून जास्त बदलले तरीही लागतो. नुसती चित्राची मांडणी बदलली तर लागत नाही. एमआरपी बदलताना मात्र ज्या दुकानांत माल जातो त्यांना आधी कळवावे, कारण जुन्या आणि नव्या किमतीची पाकिटे काही दिवस एकाच फळीवर राहतात. बंद झालेल्या मालाचा क्रमांक दुसऱ्या मालाला द्यायचा नाही, असा जीएस१ चा नियम २०१८ च्या अखेरीपासून लागू आहे. जुन्या मालाची माहिती दुकानांच्या संगणकांत वर्षानुवर्षे राहते, हे त्याचे कारण.

आकार आणि कोरी जागा

ईएएन-१३ चे मूळ माप दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून ३७.२९ मिमी रुंद आणि खालच्या अंकांसह २५.९३ मिमी उंच आहे. त्यातली सर्वांत बारीक पट्टी ०.३३ मिमी जाडीची असते. हे माप ८० टक्क्यांपर्यंत लहान आणि २०० टक्क्यांपर्यंत मोठे करता येते. ८० टक्क्यांना रुंदी २९.८३ मिमी, उंची सुमारे २०.७ मिमी आणि बारीक पट्टी ०.२६४ मिमी होते. त्याहून लहान केलेला बारकोड एखाद्या स्कॅनरवर वाचला गेला तरी सगळीकडे वाचला जाईल याची खात्री नसते.

डाव्या बाजूला बारीक पट्टीच्या ११ पट आणि उजव्या बाजूला ७ पट जागा कोरी ठेवावी लागते. मूळ मापात ती ३.६३ मिमी आणि २.३१ मिमी होते. बारकोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे स्कॅनरला याच जागेवरून कळते. तिथे चौकट, अक्षर किंवा वेलबुट्टी आली की पट्ट्या निर्दोष असूनही वाचन होत नाही. पाकिटांवरची ही नेहमी आढळणारी चूक आहे, कारण डिझाइन करणाऱ्याला ती जागा रिकामी, म्हणून वापरण्याजोगी वाटते.

जागा कमी पडली की पट्ट्यांची उंची छाटण्याचा मोह होतो. उंची कमी झाली की काउंटरवर पाकीट फिरवून फिरवून धरावे लागते. लहान पुड्यांसाठी ईएएन-८ हा आठ अंकी प्रकार आहे. त्याची मूळ रुंदी २६.७३ मिमी असते, पण त्याचे क्रमांक मोजकेच असल्याने जीएस१ कडून स्वतंत्रपणे मागावे लागतात. तेरा अंकी क्रमांकातले आठ अंक उचलून तो बनवता येत नाही.

रंग

दुकानांतले बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात. लाल प्रकाशात लाल, नारिंगी आणि पिवळा रंग पांढऱ्यासारखे दिसतात. काळा, निळा आणि हिरवा गडद दिसतात. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर पट्टीच्या रंगात काळी किंवा सायन शाई भरपूर हवी. नुसत्या मॅजेंटा आणि पिवळ्या शाईने छापलेली पट्टी स्कॅनरला दिसतच नाही.

नागपुरी मालाला हा नियम विशेष लागू पडतो, कारण इथल्या पाकिटांचा आवडता रंग संत्र्याचा. नारिंगी जमिनीवर काळ्या पट्ट्या उत्तम वाचल्या जातात. पांढऱ्या जमिनीवर नारिंगी पट्ट्या माणसाला ठसठशीत दिसतात, पण स्कॅनरला तिथे कोरा कागदच दिसतो. तिखटाच्या लाल पाऊचवर आणि हळदीच्या पिवळ्या पाऊचवर काळा बारकोड चालतो. हिरव्या किंवा निळ्या पाकिटावर काळा बारकोड चालत नाही. तिथे पांढरा चौकोन सोडून त्यात तो छापावा. तांबूस तपकिरी पट्ट्यांचाही भरवसा धरू नये.

सोनेरी-चंदेरी फॉइलच्या मिठाईच्या डब्यावर प्रकाश आरशासारखा उलटतो, म्हणून तिथेही पांढरा चौकोन हवा. पारदर्शक पिशवीतले पापड किंवा कुरडया असतील तर आतल्या मालाचाच रंग जमीन बनतो. अशा वेळी पांढऱ्या शाईचा थर किंवा पांढरे लेबल लावावे. काळी पट्टी एकट्या काळ्या शाईने छापावी. चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात रंगांची जुळणी केसभर सरकली तरी पट्टीच्या कडा फाटतात. सगळ्यांत निर्धोक जोडी पांढऱ्यावर काळ्याचीच.

पाकिटावरची जागा

बारकोड पाकिटाच्या मागच्या बाजूला, खालच्या उजव्या भागात, कडेपासून किमान ८ मिमी आत ठेवावा. घडी, जोड, सीलची दातेरी पट्टी आणि चुण्या पडणारा भाग टाळावा. लोणच्याच्या लहान बरणीसारख्या गोल वस्तूवर बारकोड आडवा फिरवून, पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतील असा लावावा. नाहीतर कडेच्या पट्ट्या वळणामागे जातात. एका पाकिटावर बाहेरून एकच क्रमांक दिसला पाहिजे. चार पाकिटांचा जोडसंच विकायचा तर संचाचा क्रमांक वेगळा असतो आणि आतल्या पाकिटांचे बारकोड वेष्टनाने झाकावे लागतात.

छपाई

बारकोड चित्र म्हणून इंटरनेटवरून उचलू नये. कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बारकोड तयार करण्याची सोय असते. तिथे क्रमांक टाकून योग्य मापाची व्हेक्टर प्रतिमा घ्यावी आणि पानावर आणल्यावर ती ओढून लहान-मोठी करू नये. माप बदलायचेच असेल तर नव्याने तयार करावी.

मोठ्या संख्येने लागणारे खोके आणि लेबले ऑफसेटवर छापली जातात. त्यावर ८० टक्क्यांचा बारकोडही नीट येतो. मसाल्याचे लॅमिनेटेड पाऊच ग्रॅव्ह्युअर किंवा फ्लेक्सोवर छापतात. तिथे शाई फिल्मच्या धावण्याच्या दिशेने पसरते, म्हणून पट्ट्यांची लांबी त्याच दिशेला ठेवावी. फ्लेक्सोमध्ये दाबाने पट्ट्या जाड होतात, ते गृहीत धरून मूळ प्रतिमेत त्या किंचित बारीक ठेवतात. किती बारीक हे त्या यंत्रावर ठरते, म्हणून तो आकडा छापखान्याकडूनच घ्यावा.

रोज थोडा थोडा माल काढणाऱ्या उद्योगाला थर्मल लेबल प्रिंटर परवडतो. २०३ डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिमीचा असतो. दोन ठिपक्यांची पट्टी ०.२५ मिमी, म्हणजे सीमारेषेवरची. तीन ठिपक्यांची ०.३७५ मिमी, म्हणजे मूळ मापाच्या सुमारे ११४ टक्के आणि खात्रीची. ३०० डीपीआयवर चार ठिपके घेतले की ०.३३९ मिमी, जवळजवळ मूळ मापच मिळते. या पूर्ण ठिपक्यांच्या मधले माप निवडले तर प्रिंटर काही पट्ट्या जाड आणि काही बारीक काढतो.

थर्मल छपाईत दोन प्रकार आहेत. रिबनशिवाय छापणारा डायरेक्ट थर्मल स्वस्त पडतो, पण त्याचा कागद उष्णता, ऊन आणि तेल यांनी खराब होतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो आणि बंद टेम्पोतली उष्णता त्याहून बरीच जास्त असते. तुपातल्या मिठाईच्या डब्याला बाहेरून तुपाचा हातही लागतो. म्हणून काही महिने टिकणाऱ्या मालावर रिबनचा थर्मल ट्रान्स्फर वापरावा. कागदी लेबलला मेणाची रिबन पुरते, प्लास्टिकच्या लेबलला रेझिनची लागते. डायरेक्ट थर्मल त्याच दिवशी विकल्या जाणाऱ्या मालाच्या चिठ्ठीपुरता ठेवावा.

बाहेरचा खोका

घाऊक मालाच्या खोक्यावर आयटीएफ-१४ हा १४ अंकी बारकोड येतो. आतल्या पाकिटाच्या क्रमांकातला तपासाचा अंक काढून पुढे १ ते ८ पैकी एक अंक लावतात आणि तपासाचा अंक नव्याने काढतात. वरच्या नमुन्याला १ लावला तर क्रमांक १८९०१२३४५६७८९७ होतो. २४ पाकिटांच्या खोक्याला १ आणि ४८ च्या खोक्याला २ असे देता येते.

तपकिरी पुठ्ठ्यावर बारीक पट्ट्या टिकत नाहीत, म्हणून हा बारकोड मोठा असतो. पुठ्ठ्यावर थेट छापताना बारीक पट्टी किमान ०.६३५ मिमी ठेवण्याची शिफारस आहे. पट्ट्यांची उंची सुमारे ३२ मिमी, खोक्याच्या तळापासूनचे अंतर ३२ मिमी आणि उभ्या कडेपासून किमान १९ मिमी असावे. भोवतीची जाड काळी चौकट काढून टाकू नये. छपाईचा दाब ती सारखा ठेवते आणि अर्धवट वाचनही टाळते.

क्यूआर आणि पुढचा बदल

बॅच क्रमांक आणि मुदत ईएएन-१३ मध्ये मावत नाहीत. त्यासाठी क्यूआर किंवा डेटामॅट्रिक्स हे चौकोनी प्रकार आहेत. भारतात ३०० औषधी ब्रँडांच्या वेष्टनावर अशी माहिती देणारा बारकोड किंवा क्यूआर १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाला आहे. किरकोळ दुकानांचे काउंटर २०२७ अखेरपर्यंत चौकोनी कोड वाचू लागावेत, असे जीएस१ चे जागतिक उद्दिष्ट आहे. तोवर ईएएन-१३ काढून टाकू नये, दोन्ही छापावेत. आपल्या संकेतस्थळाचा नुसता पत्ता असलेला क्यूआर बिलिंगच्या उपयोगाचा नसतो. त्यात जीएस१ च्या ठरलेल्या रचनेप्रमाणे मालाचा क्रमांक असावा लागतो.

छापण्याआधीची तपासणी

मोबाइलवर वाचला गेला म्हणजे बारकोड बरोबर, असे धरू नये. मोबाइलचा कॅमेरा सगळे रंग पाहतो आणि पुसट प्रतिमाही सावरून घेतो. छापखान्याकडून प्रत्यक्ष वापराच्या कागदावर किंवा फिल्मवर काढलेला नमुना घ्यावा, त्यात माल भरून सील करावे आणि ते पाकीट इतवारीतल्या किंवा जवळच्या एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या काउंटरवर वाचून पाहावे. शक्य असेल तर दोन वेगळ्या जातींच्या स्कॅनरवर पाहावे. वाचलेले १३ अंक छापलेल्या अंकांशी आणि आपल्या तक्त्याशी ताडून पाहावेत. रंगाची शंका असेल तर नमुन्यावर लाल जिलेटिन कागद धरावा. पट्ट्या त्यातूनही ठळक काळ्या दिसायला हव्यात.

मोठ्या साखळी दुकानांचा किंवा निर्यातीचा माल असेल तर व्हेरिफायर यंत्रावर प्रत तपासून घ्यावी. हे यंत्र आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकाप्रमाणे ४ ते ० अशी श्रेणी देते. किरकोळ मालासाठी किमान १.५ लागते. मोठ्या छपाईत सुरुवातीची, मधली आणि शेवटची प्रत तपासावी, कारण शाई आणि दाब वाटेत बदलतात.

या सगळ्या कामाचा क्रम उलटला की खर्च वाढतो. क्रमांक आधी घ्यावा, मग पाकिटावर त्याची जागा आखावी, मग रंग ठरवावेत आणि नमुना काउंटरवर वाचून पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. विदर्भातल्या लहान उत्पादकांच्या मालात चव आणि गुण आहेत. तो माल केवळ पट्ट्यांच्या चुकीपायी काउंटरवरून परत येऊ नये, एवढी काळजी प्रत्येक उद्योजकाने छपाईच्या आधीच घ्यावी.